आधी मेमरीच्या वाटा मोजा, मग कोअर

सोळा कोअरचं मशीन टेबलाखाली आलं त्या रात्री मी झोपलेच नाही. त्याआधी चार कोअरच्या जुन्या डब्यावर एका सेंट्रिफ्युगल ब्लोअरची सीएफडीची (संगणकावर हवा-पाण्याचा प्रवाह सोडवण्याची) केस, साठ लाख सेल्सची, म्हणजे प्रवाहाच्या जागेचे तितके बारीक खण पाडलेली, संध्याकाळी लावली की दुसऱ्या दिवशी दुपारी हाती लागायची. माझा हिशेब शाळकरी होता. कोअर चौपट झाले, म्हणजे वेळ पाव होणार. आधी केस आठ कोअरवर लावली. वेळ छान उतरला. मग सोळावर लावली, आणि प्रत्येक इटरेशनच्या, म्हणजे उत्तराकडे सरकणाऱ्या एकेका फेरीच्या, वेळेत जेमतेम दहा टक्क्यांचा फरक पडला.

सिस्टम मॉनिटर बघावा तर सोळाच्या सोळा कोअर शंभर टक्के कामात. पंखे गरगरताहेत, खोली तापलीय, सगळे राबताहेत आणि काम मात्र पुढे सरकत नाही. मी दोन दिवस सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये चूक शोधत बसले. चूक खरेदीत होती. त्या मॉनिटरमधलं 'शंभर टक्के' किती फसवं असतं, हेही मला तेव्हाच कळलं. कोअर मेमरीकडून आकडे यायची वाट बघत ताटकळत उभा असला तरी तो 'कामात' असाच दिसतो.

सीएफडीसाठी डेस्कटॉप प्रोसेसर कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की माझा पहिला उलटा प्रश्न म्हणून एकच असतो: मेमरीचे चॅनेल, म्हणजे मेमरीतून प्रोसेसरकडे आकडे आणणाऱ्या वाटा, किती?

घोडं पेंड खातं कुठे

बांधकामावर सोळा गवंडी उभे केले आणि माल वाहायला दोनच माणसं ठेवली, तर भिंत गवंड्यांच्या वेगाने चढत नाही. ती घमेल्यांच्या वेगाने चढते. फायनाइट व्हॉल्यूम सॉल्व्हरचं, म्हणजे सेलमागून सेल प्रवाहाचा हिशेब ठेवणाऱ्याचं, नेमकं हेच आहे. त्याचा बराचसा वेळ मोठी, विरळ (बहुतेक जागी शून्यं असलेली) मॅट्रिक्स सोडवण्यात जातो, आणि तिथे गणित थोडं पण माल अफाट असतो.

आकड्यांत बघा. मॅट्रिक्समधली एक संख्या डबल प्रिसिजनमध्ये ८ बाइटची. ती कुठल्या ओळीत, कुठल्या स्तंभात बसते हे सांगणारा पत्ता साधारण ४ बाइटचा. म्हणजे १२ बाइट आणायचे आणि त्यावर करायचं काय, तर एक गुणाकार आणि एक बेरीज. दोन क्रिया. आता दोन चॅनेलची डीडीआर५-६००० मेमरी कागदावर सेकंदाला ९६ गिगाबाइट पुरवते. त्याला १२ ने भागा, दोनाने गुणा. सेकंदाला १६ अब्ज क्रिया होतात. आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारे सोळा कोअर, प्रत्येक ठोक्याला प्रत्येकी १६ डबल प्रिसिजन क्रिया करू शकणारे, मिळून करू शकतात १२८० अब्ज. ऐंशीपट! प्रत्यक्षात कॅशेमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या, वेगवान मेमरीमुळे, चित्र इतकं भयंकर नसतं, पण म्हणून उलटंही होत नाही. क्लॉक ५.४ की ५.७ गिगाहर्ट्झ, एव्हीएक्स-५१२ (एका ठोक्यात जास्त आकडे हाताळायची सोय) आहे की नाही, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात तेव्हा मला त्या दोन घमेलेवाल्यांची दया येते.

चॅनेलचा हिशेब

हा गुणाकार पाठ असू द्या: चॅनेलची संख्या, गुणिले मेमरीचा वेग, गुणिले ८ बाइट. डीडीआर४-३२०० चा एक चॅनेल सेकंदाला २५.६ गिगाबाइट देतो, दोन चॅनेल ५१.२. डीडीआर५-५६०० चे दोन चॅनेल ८९.६ देतात. मग त्या बेरजेला कोअरच्या संख्येने भागा. माझ्या अनुभवात दर कोअरमागे पाच-सहा गिगाबाइटच्या खाली गेलात की पुढचे कोअर शोभेचे होऊ लागतात. हा काही निसर्गनियम नव्हे. सॉल्व्हर, मेश (सेल्सची जाळी), टर्ब्युलन्स मॉडेल बदललं की रेषा थोडी इकडेतिकडे सरकते. पण दोन प्रोसेसर समोर ठेवून कुठला घ्यावा हे ठरवायला एवढं पुरतं.

साधे डेस्कटॉप प्रोसेसर, मग ते एएमडीचे रायझन असोत नाहीतर इंटेल कोअर, दोनच चॅनेलचे असतात. सहा कोअरचा घ्या, सोळाचा घ्या, चोवीसचा घ्या, चॅनेल दोनच. म्हणून याच वर्गात राहायचं असेल तर सर्वांत वरचं मॉडेल घेण्यात सीएफडीच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. आठ ते बारा कोअर आणि त्याला चांगली वेगवान मेमरी, यावर मी थांबेन.

दोन चॅनेलवरून एक गोंधळ नेहमी होतो. डीडीआर५ च्या प्रत्येक पट्टीत ३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात. त्यामुळे माहिती दाखवणारी काही सॉफ्टवेअर दोन पट्ट्यांवरच 'चार चॅनेल' असं लिहून मोकळी होतात. माझ्या एका सहकाऱ्याने त्या भरवशावर खूश होऊन मला स्क्रीनशॉट पाठवला होता. ते चार अर्धे आहेत. एकूण रुंदी १२८ बिटच, जुन्या दोन चॅनेलइतकीच.

चार पट्ट्यांचा सापळा

आता माझी दुसरी चूक. साठ लाख सेल्सवर समाधान होईना म्हणून मी मेमरी वाढवायला निघाले. बोर्डवर चार जागा, दोन भरलेल्या. उरलेल्या दोन जागांत आणखी दोन पट्ट्या खोचल्या. मेमरी दुप्पट झाली, मशीन सुरूही झालं, आणि केस आधीपेक्षा हळू चालायला लागली.

कारण असं की चार जागा म्हणजे चार चॅनेल नव्हेत. प्रत्येक चॅनेलवर दोन-दोन जागा टांगलेल्या असतात. एका चॅनेलवर दोन पट्ट्या आल्या की विजेचे सिग्नल सांभाळणं कंट्रोलरला अवघड जातं आणि तो वेग खाली आणतो. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत तक्ता बघा. दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग, चार पट्ट्यांना ३६००. म्हणजे ८३.२ गिगाबाइटवरून थेट ५७.६. पुढच्या ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५६०० झालं, चारला मात्र ३६०० च राहिलं. हाताने सेटिंग करून काही जण त्याहून वर नेतात. पण तीन दिवस चालणाऱ्या केससाठी मी तो जुगार खेळत नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी, पुढे लागेल तेवढी मेमरी दोनच पट्ट्यांत घ्या. ४८ गिगाबाइटच्या दोन किंवा ६४ च्या दोन. बसवताना बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच बसवा. बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून मोजताना दुसरी आणि चौथी असते. आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे मेमरीला तिचा छापील वेग लावणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर खोक्यावर ६००० छापलेली मेमरी निमूटपणे ४८०० वर चालत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एकच पट्टी घालून 'दुसरी नंतर घेऊ' म्हणणं सर्वांत वाईट. ती दुसरी येईपर्यंत तुम्ही अर्ध्या मशीनवर काम करता.

मेमरी किती घ्यायची? ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमधल्यासारख्या सेग्रिगेटेड (दाब, वेग वेगवेगळे सोडवणाऱ्या) सॉल्व्हरला, साध्या स्थिर प्रवाहाला, मी दहा लाख सेल्समागे एक ते दोन गिगाबाइट धरते. कपल्ड (सगळं एकत्र सोडवणारा) सॉल्व्हर असेल तर दुप्पट आणि वर थोडी. मेश तयार करताना सॉल्व्हरपेक्षा जास्त मेमरी लागते, हे मात्र बरेच जण विसरतात. सोडवायला पुरली आणि मेश करताना संपली, असं माझं दोनदा झालंय. मेमरी संपून डिस्कवर स्वॅप सुरू झालं की प्रोसेसर कुठला आहे याला काहीच अर्थ उरत नाही.

एकाच वर्गातले फरक

दोन चॅनेलच्या दुनियेतही सगळे प्रोसेसर सारखे नाहीत. तीन गोष्टी बघायच्या.

रायझनमध्ये कोअर आठ-आठच्या तुकड्यांवर बसवलेले असतात आणि मेमरी कंट्रोलर वेगळ्या तुकड्यावर. या दोन तुकड्यांमधला रस्ता अरुंद असतो. ७००० मालिकेत तो रस्ता २००० मेगाहर्ट्झवर चालतो असं धरलं तर वाचनासाठी एका तुकड्याला ठोक्यामागे ३२ बाइट, म्हणजे सेकंदाला ६४ गिगाबाइट मिळतात. म्हणजे एकाच तुकड्याचा आठ कोअरचा प्रोसेसर ९६ गिगाबाइटच्या मेमरीचा पुरता लाभ घेऊच शकत नाही. दोन तुकड्यांचा बारा कोअरचा घेऊ शकतो. मी वर आठ ते बारा म्हटलं, पण रायझन घेणार असाल तर बाराकडे झुका, त्याचं कारण हे. त्या जादा चार कोअरपेक्षा मेमरीकडे जाणारा दुसरा रस्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

इंटेलकडे हा अडसर नाही, दुसरा आहे. १३९००के किंवा १४९००के मधले चोवीस कोअर एकसारखे नाहीत. आठ मोठे, सोळा छोटे. आपला सॉल्व्हर मेशचे सारखे तुकडे करून प्रत्येक कोअरला एकेक देतो, आणि दर इटरेशनला कित्येकदा सगळ्यांनी एकमेकांना आपले आकडे सांगायचे असतात. तिथे मोठे कोअर काम उरकून छोट्यांची वाट बघत थांबतात. वारकरी कितीही झपझप चालले तरी दिंडी मुक्कामाला पोचते ती सर्वांत मागच्या माणसाबरोबरच. ओपनफोममध्ये स्कॉच पद्धतीने तुकडे करताना प्रत्येक प्रोसेसला वेगळं वजन देऊन छोट्यांना कमी सेल्स देता येतात. मी तो खटाटोप एकदा केला, थोडा फायदा झाला, आणि प्रत्येक नव्या केसला वजनं जुळवायचा कंटाळा आला. सरळ आठ मोठ्या कोअरवर आठ प्रोसेस बांधून टाकायच्या आणि छोट्यांना पोस्ट-प्रोसेसिंगला सोडायचं, हे मला जास्त पटतं. मेमरी तशीही आठ मोठे कोअर बऱ्यापैकी संपवतातच.

तिसरी गोष्ट कॅशेची, आणि ही मला सर्वांत गमतीची वाटते. एएमडीच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी एक्स३डी असतं त्यांच्यात कोअरच्या तुकड्यावर जादा कॅशे रचलेली असते, आणि एका तुकड्याची एल३ कॅशे ३२ वरून ९६ मेगाबाइट होते. हे प्रोसेसर खेळांसाठी म्हणून खपतात. पण दहा लाख षटकोनी नव्हे, षट्फलकी सेल्सची केस घ्या. तिला आतले फेस, म्हणजे दोन सेल्समधल्या सामाईक बाजू, साधारण तीस लाख. दाबाची मॅट्रिक्स सममित, म्हणून फेसमागे एकच गुणक, २४ मेगाबाइट. मॅट्रिक्सच्या कर्णावरचे गुणक ८. प्रत्येक फेसच्या दोन्ही बाजूंचे पत्ते आणखी २४. झाले ५६ मेगाबाइट, आणि वर काही ८-८ मेगाबाइटच्या ओळी. म्हणजे दाब सोडवण्याचं, सर्वांत वेळखाऊ, काम जवळजवळ पूर्ण त्या ९६ मध्ये मावतं! मेमरीकडे धावायचं कारणच उरत नाही. लाख ते दहा लाख सेल्सच्या, पण हजारो टाइमस्टेप चालणाऱ्या केस तुम्ही करत असाल तर माझ्या मते साध्या डेस्कटॉपमध्ये याहून चांगलं काही नाही.

तीच मॅट्रिक्स ऐंशी लाख सेल्सला ४५० मेगाबाइटची होते. मग ती जादा कॅशे समुद्रात तांब्याभर पाणी. सॉल्व्हर मल्टिग्रिड पद्धतीत जे जाडसर, लहान मेश वापरतो त्यातले काही स्तर तिच्यात मावतात, तेवढाच फायदा. आणि ७९५०एक्स३डी किंवा ९९५०एक्स३डी घेताना लक्षात असू द्या की जादा कॅशे दोनपैकी एकाच तुकड्यावर आहे. अर्धे कोअर सुखात आणि अर्धे नेहमीसारखे, म्हणजे पुन्हा दिंडीचीच गत.

दोन चॅनेल पुरेनासे झाले की

पन्नास लाखांच्या पुढे रोज काम असेल, तर कोअर वाढवण्याआधी चॅनेल वाढवायचे. एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० च्या साध्या मालिकेला चार चॅनेल, डीडीआर५-५२०० वर १६६.४ गिगाबाइट. प्रो मालिकेला आठ, ३३२.८. २०२५ मध्ये आलेल्या ९००० मालिकेत मेमरी ६४०० वर गेली, म्हणून हेच आकडे २०४.८ आणि ४०९.६ झाले. इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-२४०० ला चार आणि डब्ल्यू-३४०० ला आठ चॅनेल, दोन्ही जास्तीत जास्त ४८०० वर. या सगळ्यांना रजिस्टर्ड (सर्व्हरच्या धाटणीची) मेमरी लागते. साध्या डेस्कटॉपच्या जुन्या पट्ट्या इथे चालत नाहीत, तेव्हा 'मेमरी आहेच माझ्याकडे' हा हिशेब आधीच खोडून टाका.

इथेही तुकड्यांचं तेच राजकारण आहे, आणि इथे ते महागात पडतं. थ्रेडरिपर प्रो ७९५५डब्ल्यूएक्स, सोळा कोअरचा. बोर्डवर आठ चॅनेल, आठ पट्ट्या, सगळं दिमाखदार. पण आत कोअरचे तुकडे दोनच, म्हणजे मेमरीकडे जाणारे रस्तेही दोनच. आठ नळांचं पाणी दोन पाइपांतून येणार. चोवीस कोअरच्या ७९६५डब्ल्यूएक्समध्ये चार तुकडे आहेत, चौसष्टच्या ७९८५डब्ल्यूएक्समध्ये आठ. तुकडे किती हे माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. मी एल३ कॅशेवरून ओळखते: जादा कॅशे नसलेल्या या मॉडेलांत एका तुकड्याला ३२ मेगाबाइट. एकूण ६४ दिसली की तुकडे दोन, १२८ दिसली की चार.

आणि चॅनेल घेतलेत तर ते भरा. आठ चॅनेलच्या बोर्डवर चार मोठ्या पट्ट्या घालून काटकसर केल्याचं समाधान मिळवणारे मी पाहिलेत. अर्धी बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला मिळणारे अर्धे गिगाबाइट, तिथेच गेली. आठ चॅनेलला आठ छोट्या पट्ट्या बऱ्या.

जुन्या सर्व्हर प्रोसेसरचा रस्ताही आहे, आणि माझं आजचं मुख्य मशीन त्याच रस्त्याने आलंय. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या ७००२ आणि ७००३ मालिकांना आठ चॅनेल डीडीआर४-३२००, म्हणजे एका प्रोसेसरला २०४.८ गिगाबाइट. नव्याकोऱ्या दोन चॅनेलच्या डेस्कटॉपपेक्षा दुपटीहून जास्त, आणि तेही आधीच्या पिढीतल्या मेमरीवर. पुढची ९००४ मालिका बारा चॅनेलची, ४६०.८. ७००३ मध्येच जादा कॅशेची मॉडेलं आहेत, ज्यांची एल३ ७६८ मेगाबाइट आहे. मघाची ऐंशी लाख सेल्सची ४५० मेगाबाइटची मॅट्रिक्स आठवा.

वापरलेला एपिक घेताना मात्र दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. एक, नाव सारखं वाटलं म्हणून फसू नका. ७२८२ आणि ७३०२ दोन्ही सोळा कोअरचे. पण ७२८२ ची मेमरी बँडविड्थ खुद्द उत्पादकानेच ८५.३ गिगाबाइट लिहिलेली आहे. ७३०२ ची २०४.८. दुसरं, काही प्रोसेसर आधीच्या मालकाच्या सर्व्हरशी कायमचे जखडलेले असतात. सुरक्षिततेची ती सोय एकदा चालू झाली की प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर सुरूच होत नाही आणि ते उलटवता येत नाही. विकणाऱ्याला 'हा कुठल्या बोर्डवर चालवून पाहिला?' एवढं विचाराच. आवाज, मोठा बोर्ड, सुरू व्हायला लागणारी दोन-तीन मिनिटं, रोजच्या साध्या कामात जाणवणारा मंदपणा, हे सगळं पत्करावं लागतं. माझं कॅड आणि मेशिंग अजून डेस्कटॉपवरच चालतं, कारण मेशिंगची बरीच कामं एकाच कोअरवर होतात आणि तिथे क्लॉक खरंच उपयोगी पडतो.

लायसन्स

ओपनफोम वापरत असाल तर हा भाग सोडून द्या. व्यावसायिक सॉल्व्हर असेल तर प्रोसेसर बघण्याआधी लायसन्स काढून वाचा. अ‍ॅन्सिस या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या जादा कोअरच्या पॅकची रचना अशी की मूळ चार कोअर, एका पॅकला आणखी आठ, दोन पॅकना बत्तीस, तीन पॅकना एकशे अठ्ठावीस. एकच पॅक असेल तर तुमच्याकडे बारा कोअर आहेत, मशीनमध्ये चौसष्ट असले तरी. तेव्हा बारा किंवा सोळा कोअर, प्रत्येकाला भरपूर बँडविड्थ आणि चांगला क्लॉक, असा प्रोसेसर शोधायचा. लायसन्सच्या तुलनेत मशीन स्वस्तच पडतं. तिथे काटकसर करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि वर नथ घालायला तारही नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. तिथे बँडविड्थ प्रचंड आहे, आरटीएक्स ४०९० ला सेकंदाला हजार गिगाबाइटच्या वर. पण मेमरी २४ गिगाबाइट, आणि डबल प्रिसिजन सिंगलच्या एक चौसष्टांश वेगाने. तुमचा सॉल्व्हर सिंगल प्रिसिजनमध्ये कार्डावर चालत असेल, लॅटिस बोल्ट्झमन (प्रवाह सोडवण्याची एक वेगळी पद्धत) असेल तर विशेषच, जरूर विचार करा. सॉल्व्हरला कार्ड माहीतच नसेल तर ते फक्त चित्रं फिरवायच्या कामाचं.

घेण्याआधी करून बघायचं

दुसऱ्यांच्या बेंचमार्कमध्ये दुसऱ्यांच्या केस असतात. आपली एक केस घ्या, रोज जी करता तशी. ओपनफोम असेल आणि स्वतःची केस देता येत नसेल तर त्याच्याबरोबर येणारी मोटारसायकलची केस घ्या, फक्त मेश खरोखरच्या कामाइतका मोठा करून. मूळ आकारात ती इतकी लहान आहे की कॅशेतच रमते आणि निकाल सुखद खोटे येतात. ती १, २, ४, ८, १२, १६ अशा कोअरवर शंभर-शंभर इटरेशन चालवा. पहिली दहा सोडून द्या, मधे फाइल लिहायचं बंद ठेवा, आणि दर इटरेशनचा वेळ लिहून काढा. एका कोअरचा वेळ मोठा येईल, तो भागून किती पट वेग आला हे बघा. जिथे आलेख आडवा पडतो तिथे तुमचा मेमरी चॅनेल संपलेला असतो. हातात फक्त जुनं मशीन असलं तरी हे करा. आडवा व्हायच्या जागेवरून दर कोअरमागे किती बँडविड्थ तुमच्या केसला लागते हे कळतं, आणि तो आकडा नव्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवता येतो.

मोजताना प्रोसेस कोअरला बांधून ठेवा, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टम त्यांना इकडून तिकडे नाचवते आणि दोन सारख्या चाचण्यांचे आकडे जुळत नाहीत. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं चालवायची सोय) बंद करा किंवा खऱ्या कोअरइतक्याच प्रोसेस सोडा. घमेलेवाले दोनच असताना एकेका गवंड्याला दोन-दोन थाप्या देऊन काय साधणार? ओपनफोममध्ये मेशचं क्रमांकन नव्याने करून घेणारं साधन आहे, ते एकदा चालवा. शेजारच्या सेल्सचे आकडे मेमरीतही शेजारी येतात. मी ते कित्येक वर्षं वापरलंच नव्हतं, आणि फुकटात मिळणारा तो वेग तेवढी वर्षं सोडून दिला.

नुसती मेमरी मोजायची तर जॉन मॅकॅल्पिन यांची स्ट्रीम चाचणी आहे. जुनी, छोटी, एकाच फाइलची. तिच्यातल्या ॲरे कॅशेच्या निदान चौपट मोठ्या करा, नाहीतर ती कॅशेच मोजते. तिच्या ट्रायड या मापाचा आकडा कागदावरच्या बँडविड्थच्या पाऊणपट आला तर मशीन ठीक बसलंय. अर्धाच आला तर घाईने सेटिंग बदलू नका. आधी झाकण उघडून पट्ट्या कुठल्या जागांत आहेत ते बघा.

वीज आणि थंडाव्याबद्दल एवढंच, की खेळासाठी मशीन तासभर तापतं आणि आपलं तीन-तीन दिवस. ७९५०एक्ससारखा प्रोसेसर मोकळा सोडला तर २३० वॉटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये इको मोडवर १०५ वॉटचा वर्ग निवडला तर माझ्या ब्लोअरच्या केसला पडलेला फरक मोजायला दशांश चिन्ह लागलं. गवंडी जरा सावकाश हात चालवू लागले, पण ते उभेच होते ना. पंख्यांचा आवाज मात्र इतका उतरला की मशीन बंद पडलं की काय म्हणून मी उठून पाहिलं होतं.

ते पहिलं सोळा कोअरचं मशीन अजून आहे. त्यातल्या दोन पट्ट्या काढून टाकल्या, उरलेल्यांचा वेग वर नेला, आणि त्यावर एका वेळी सहा-सहा कोअरच्या दोन छोट्या केस चालतात.